खजिनदाराची वही

पहिल्या पानावर सात सह्या.
आठवी ओळ रिकामी,
कारण शमीम म्हणाली, घरी विचारून सांगते.

रेक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
"मंडळ? गणपती बसवणार की काय?"
नाही बाई, म्हटलं, आम्हीच बसणार.
जिन्याखालची खोली मिळाली,
दोन खराटे आणि मोडक्या पेटीसकट.

नावावरून तीन रात्री भांडलो.
नद्या संपल्या, फुलं संपली.
शेवटी अप्पा बळवंत चौकातला शिक्केवाला कंटाळला,
"अक्षरामागे पैसे पडतात, ताई."
म्हणून आम्ही 'सई'.

जमा: वर्गणी, सत्तर.
खर्च: शिक्का बावीस, कुलूप अठरा,
अनसूयेची परीक्षा फी तीस, तिला कळू द्यायचं नाही.
शिल्लक शून्य.

पुढच्या पानावर:
रिक्षा, ससूनपर्यंत, रात्री दीड वाजता.
कारण लिहिलेलं नाही.
आम्हा सगळ्यांना पाठ आहे.

डिसेंबरात हेमलता गेली.
सांगली, मुलगा बँकेत.
तिची सही खोडावी का, यावर ठराव झाला:
खोडू नये. वर्गणी मात्र थकीत दाखवावी.

वर्ष भरायला चार दिवस उरले
तेव्हा शमीम दारात. विचारलं म्हणाली, घरी.
काय म्हणाले?
काही नाही. मी विचारलं, एवढंच.
आणि आठव्या ओळीवर तिनं
उजवीकडून सुरू होणारी सही केली.

शाई वाळेपर्यंत कुणीच बोललं नाही.
मग मी घाईनं शिक्का मारला,
तो उलटा उमटला.
तसाच आहे.
हेमलताचे दहा रुपये अजून येणे आहेत.