उजवा खांदा

तळमजला. एक्स-रेच्या पुढे, डावीकडे.
जिथे फिनाईलचा वास संपतो
आणि गवती चहाचा सुरू होतो
ती माझी खोली.

सकाळी सातला वाफेचं भांडं चढवते.
प्लाय, ती आल्याची पिवळीधमक बहीण,
हळद, कापूर, चिंचेचा पाला, खडेमीठ,
सगळं कुटून मांजरपाटात बांधायचं,
दोरा आवळायचा दातांनी,
वर धरायला शेंडी ठेवायची.
दिवसाला चाळीस पुरचुंड्या लागतात.
मंजुरी तिसांची.

मंगळवारी खामफूनकाका येतात.
यासोथोनच्या भातगिरणीत एकतीस वर्षं काटा धरलेला माणूस.
गेल्या साली मेंदूत गाठ अडकली.
तेव्हापासून डावा हात
शेजाऱ्याकडून मागून आणलेल्या भांड्यासारखा
जपून मांडीवर ठेवतात.

"वारा अडकलाय गं, खांद्यात."

कॉम्प्युटरला वारा कळत नाही,
क्रमांक कळतो.
मी यादी खाली सरकवत नेते,
खाली, आणखी खाली,
आणि 'स्नायूंचा ताठरपणा' यावर बोट ठेवते.
वारा तेवढ्यात खिडकीतून निघून जातो.

"आणि हळदीच्या कॅप्सूल दे. बायकोला दिल्यास तशा."

मी कागद उलटते.
वरच्या मजल्यावरच्या डॉक्टर रत्चानोनचं अक्षर:
रक्त पातळ करायची गोळी, रोज रात्री.
"नाही देता येणार, काका."

"माझ्या परसातली हळद आहे ती!
तुमच्याच इस्पितळानं नेली, किलोवर.
पावती आहे घरी."

"म्हणूनच नाही. ती आणि गोळी एकत्र आली
तर रक्त थांबायचं विसरेल.
नुसतं पाणी असतं
तर मागाल तेवढं दिलं असतं."

ते गप्प झाले. मीही.
सहा वर्षं जिने चढून चढून
वरच्या लोकांना सांगत आले
की हा पाला नुसता पाला नव्हे, यात जोर आहे.
आज ते मान्य झालं, लेखी,
आणि पहिला नकार माझ्याच तोंडून गेला,
ज्याच्या मातीत ती उगवली त्यालाच.

पुरचुंडी वाफेतून काढते.
आधी माझ्या मनगटावर. थांबते. पुन्हा मनगटावर.
तिथली कातडी आता कायमची पिवळी आहे,
सासूला वाटतं कावीळ.

"डाव्याला लाव ना."
"डाव्याला चटका कळायचा नाही, काका.
उजव्याला लावते. वर्षभर
दोघांचं काम तोच ओढतोय."

त्यांनी खाली पाहिलं.
उजव्या खांद्याकडे कधी कुणी पाहिलंच नव्हतं बहुधा,
त्यांनीही नाही.
मी दाबत गेले, मानेपासून खाली,
वाफ सदऱ्यात शिरली, डोळे मिटले,
आणि कुठेतरी आत, यादीत नसलेलं काहीतरी
हळूच बाजूला सरकलं.

जाताना त्यांनी निवलेली पुरचुंडी
उजव्या तळव्यावर घेतली,
एकदा झुलवली.

"दीडशे," म्हणाले. "दोनशेची असते ना?
पन्नास ग्रॅम कमी भरतेस, पोरी."

मी पुढच्या बाईचं कार्ड मागितलं.
काकांनी पुरचुंडी ताटलीत ठेवली,
दाराशी वळले.
"पुढच्या मंगळवारी
परसातली थोडी घेऊन येतो.
पावती नको."