एकशेचाळीस

तोलार आहे मी, तुर्भ्याच्या दाणा बाजारात.
एकोणीस वर्षं काट्यासमोर उभा.
काटा थरथरतो तोवर बोलायचं नाही,
थांबला की आकडा मोठ्याने सांगायचा,
घेणाऱ्याकडे बघायचं नाही, देणाऱ्याकडेही नाही.
मापात पाप नको, हे मला माणसांनी नाही,
पोत्यांनी शिकवलं.

तर पार्कला जायचं ठरलं मंगळवारी.
शनिवार-रविवारी माणशी अकराशे, मंगळवारी नऊशे,
आणि एकशेचाळीस सेंटिमीटरच्या आतल्या पोराला साडेचारशे.
रोहिणीने वहीत उभी रेघ मारली:
डावीकडे वाचले ते, उजवीकडे गेले ते.
माझा खाडा उजवीकडे.
म्हटलं, तो कशाला?
म्हणाली, मग कुठे लिहू, देवघरात?

कोपरखैरण्याच्या खोलीत, दाराच्या चौकटीवर
कस्तुरीच्या रेघा आहेत, पेन्सिलीच्या.
गणपतीत एकशेअडतीस होती.
आता होळी होऊन गेलेली.
आदल्या रात्री मी टेप काढली नाही.

बूट नको, चपला घाल.
वरचा अंबाडा सोड, दोन वेण्या घाल.
नायलॉनचे कपडे शेजारच्या शेखभाभींचे, मागून आणलेले,
तिथे भाड्याचे शंभर पडतात.
विहंगच्या हवा काढलेल्या बदकाखाली मेथीचे पराठे,
कारण बाहेरचं त्यांना चालत नाही
आणि आतलं आम्हाला परवडत नाही.
एनएमएमटीने महाप्यापर्यंत, पुढे शेअर रिक्षा,
विहंग मांडीवर, म्हणजे तीनच सीट.

दारात फायबरचा जिराफ.
मानेवर आकडे, एकशेचाळीसला लाल पट्टी.
तिची पाळी आली आणि मी,
एकोणीस वर्षांचा मी,
तिच्या कानाशी वाकून म्हणालो,
गुडघे जरा सैल सोड.
तिने सोडले.
फ्रॉकच्या आत, कुणाला दिसणार नाही इतकेच.
पण थरथरणारा काटा मला ओळखू येतो.
खिडकीतल्या पोराने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
आणि तिच्या मनगटाला पिवळा पट्टा बांधला.

दुपारी तो मोठा पाळणा, उलटा होणारा,
ज्याचं ती वर्षभर बोलत होती.
तिथेही जिराफ, पहिल्याचा सख्खा भाऊ,
पण इथे लाल पट्टीच्या वर असेल त्यालाच चढता येतं.
कस्तुरी त्याला टेकली. टाचा जमिनीला, मान ताठ,
श्वास धरलेला.
बोटभर वर.
गार्ड म्हणाला, उंची बरोबर आहे बेटा,
पट्टा पिवळा आहे.

ती रडली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही.
नुसती वाकायला लागली, गुडघ्यातून, आपोआप,
सकाळी शिकवली होती तशी.

मी चालत गेलो दारापर्यंत, ओल्या हाफपँटमध्ये.
फरक किती?
चारशे पन्नास.
पोरगा म्हणाला, काका, मला सकाळीच दिसलं होतं.
मग बोलला का नाहीस?
दिवसाला चाळीस पोरं वाकतात, म्हणाला,
आणि हिरवा पट्टा पुढे केला.

मंगळवार. रांग नव्हती.
सात वेळा बसली ती.
उलटी झाली की दोन्ही वेण्या खाली लोंबायच्या,
मी खाली उभा राहून मोजत होतो.
सवयीने आकडा मोठ्याने बोललो
तर शेजारचा माणूस बघायला लागला.

रात्री रोहिणीने वही काढली.
प्रवासात बसेना, खाण्यात बसेना.
मग तिने आपलं आपणच लिहिलं, उजवीकडे:
कस्तुरीची उंची, चारशे पन्नास.
खाली बेरीज केली, पुन्हा एकदा केली,
म्हणाली, खाडा धरला तर रविवारच स्वस्त पडला असता.

पराठ्यांच्या डब्याचं झाकण तिथेच राहिलंय.
ते अजून लिहिलेलं नाही.