दीड फूट

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या पहिल्या वळणावर
मल्लिनाथ हौदेच्या शेडमध्ये माझं काम फोमचं.
म्हणजे गादीचंच, पण गादी म्हटलं की मल्लिनाथला राग येतो.
"कुशन म्हण बे दस्तगीर, पुण्याची गिऱ्हाइकं येलालेत."

भिंतीवर तीन पॅकेजं टांगलीत, लॅमिनेशन करून:
साधं, मधलं आणि राजेशाही.
राजेशाहीत सिंक, छताला पंखा, खिडक्यांना जाळी,
मागचं दार उघडलं की सरकून बाहेर येणारा ओटा.
तिन्हींत बेड डबल.
कप अडकवायला हुक दोन. दिवे दोन.
गाडीत माणसं दोनच असतात
असं कुणीतरी कुठेतरी बसून ठरवून टाकलंय.

अब्बा पिंजण खांद्यावर घेऊन साखर पेठेत फिरायचे.
तार वाजली की बायका दारात.
कापूस त्यांच्या भुवयांत बसायचा,
रात्री जेवताना ताटात पडायचा.
माझ्याकडे विजेची सुरी आहे. फोम उडत नाही.
कापताना ओरडतो फक्त, बारीक.

मार्चअखेर, पत्रा हाताला चावायला लागला त्या आठवड्यात
रत्नमाला गाजुल आल्या, जुनी ईको स्वतः चालवत.
तेहतीस वर्षं आरोग्य खात्यात सिस्टर.
जीपच्या मागच्या फळीवर, मांडीवर लसीचा डबा,
मंद्रूप, वळसंग, भंडारकवठे,
बर्फ वितळायच्या आत पोचायचं आणि परतायचं.
"आता सावकाश जाणार," म्हणाल्या, "आणि थांबणार."

मल्लिनाथनं राजेशाही दाखवलं.
त्यांनी चपला काढल्या, पदर खोचला,
फोमच्या शीटवर सरळ आडव्या झाल्या.
"घे माप."
लांबी पाच फूट एक. रुंदी सव्वादोन.
"सिंगल पॅकेज नसतं मॅडम."
"मग पॅकेज नको. बेड दे."
"आणि साहेब?"
"त्यांना गाडी लागते.
सात रस्त्यापर्यंत गेले तरी खिशात लिंबू."
हसल्या नाहीत.
एक हुक काढायला लावला.

कव्हरला घरची चादर दिली, जाड, मोर विणलेला.
मान शिवणीत जाऊ नये म्हणून मी कापड तीनदा फिरवलं.
मान वाचली. शेपटी उरली.

पाचव्या दिवशी दुपारी दारात एक गृहस्थ.
पांढरा शर्ट, खिसा एका बाजूला ओघळलेला.
गाडीभोवती फिरले, आत शिरले नाहीत.
इंजिन बंद होतं तरी दाराची चौकट घट्ट धरून उभे राहिले.
मग हळूच,
"यात आणखी दीड फूट निघेल का?
दुमडून ठेवता येईल असं. दिसायला नको."
निघेल म्हटलं.
"म्हणजे मी जाईनच असं नाही.
पण ती कुठे दोन दिवस थांबली, तर रेल्वेनं मागून पोचेन.
रेल्वे लागत नाही मला.
उभ्या गाडीचंही काही नसतं."
नोटा पुढे केल्या.
लिंबाच्या वासाच्या, घामानं मऊ झालेल्या.
घेतल्या नाहीत. तुकडा उरलेलाच होता.

दोन बिजागऱ्या, एक फळी, खाली लपवलेली.
"काय करलालास बे? ऑर्डरमध्ये हाय का हे?"
मी तोंडात खिळे धरले होते. बरं झालं.

शनिवारी सिस्टर गाडी न्यायला आल्या.
पंखा लावून पाहिला, बंद केला.
बेडवर बसल्या, उठल्या, चप्पल शोधायला वाकल्या,
आणि बोटाला बिजागरी लागली.
ओढली.
मोर पुरा झाला.
"हे काय?"
शेडमध्ये ग्राइंडर चालू होता.
तो थांबेपर्यंत मी थांबलो.
"पॅकेजमध्ये असतं, मॅडम."

त्या फळीकडे बघत राहिल्या,
मग वर, हुक काढलेल्या जागेच्या भोकाकडे.
"तो दुसरा हुक," म्हणाल्या,
"टाकलात का कुठे?"