बोट पडेल ते पान

गुरुवारी साडेआठला मी शटर गुडघ्यापर्यंत ओढते.
खारकर आळीला वाटतं, झेरॉक्स बंद झालं.
मग एकेक जण वाकून आत येतं,
एक हात कमरेवर, काखेत कादंबरी.

नियम टिपणीसांचा.
आधी पहिलं वाक्य, फक्त पहिलं.
मग डोळे मिटून बोट पडेल तिथला उतारा.
गोष्ट सांगायची नाही. लेखकाची थोरवी तर मुळीच नाही.
शेवट फोडणाऱ्यानं पुढच्या खेपेला वडे आणायचे.
टिपणीस स्वतःच दोनदा वडे घेऊन आलेत.

या आठवड्याचं त्यांचं:
"पुण्याहून खलिता आला तेव्हा नागोजी कारकून भात कालवत होता;
त्यानं बोटं चाटली, आणि मगच मोहोर फोडली."
आम्ही वा वा करत नाही. जरा थांबतो.
मशीन अजून गरम असतं, त्याचा वास येतो,
आणि कुठल्याशा शतकातल्या ताकभाताचा.

ब्रिजेट परेरा चष्मा शोधते, तो डोक्यावरच.
"पाद्रीबाबांनी त्या रविवारी आम्हा सगळ्यांची नावं बदलली,
पण कोंबड्यांना आम्ही जुन्याच नावांनी बोलावत राहिलो."
ती हसते. मग हसायची थांबते.
बोट पडतं लग्नाच्या यादीवर:
नारळ साठ, हळद तीन शेर,
वाजंत्री उधारीवर.

चेंदणीची हर्षाली नाखवा वाचत नाही, भांडते.
"अमावास्येच्या मध्यरात्री खाडी पार सुकली होती..."
अमावास्येला? बाराला? सुकती?
हा कधी गुडघाभर पाण्यात तरी उतरलाय का?
त्या वेळेला पाणी काठाला लागतं,
माझी आई झोपेत सांगेल.
पुस्तक तिनं फेकलं नाही. खूण घालून ठेवलं.

घाग दोन महिने नुसते ऐकत होते.
तुरुंगातून सुटलेले, असं टिपणीस एकदा म्हणाले
तर त्यांनी लगेच दुरुस्त केलं: निवृत्त. हवालदार.
ज्या किल्ल्याच्या लढाया आम्ही वाचतो
तो आम्ही रस्त्यावरून पाहिलाय, रिक्षातून, मान वळवून.
त्यांनी आतून. एकोणतीस वर्षं, तीन पाळ्यांत.

आज त्यांच्या हातात पिशवी. पिशवीत वाचनालयाचं पुस्तक,
वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं, शाळेतल्यासारखं.
त्यांनी घसा साफ केला.
"तटाला शिडी लागली तेव्हा पहारेकरी झोपला होता."

आणि पुढे बोट ठेवायला ते डोळे मिटेनात.

झोपला नव्हता, म्हणाले.
अडीच ते चार माणूस झोपत नाही.
उभा असतो. डोळे उघडे असतात.
फक्त समोरचं दिसायचं थांबतं,
आणि भिंत आपल्याकडे चालत येते.
लिहिणारा तटावर आलेला नाही.

टिपणीसांना नियम आठवला असावा, ते बोलले नाहीत.
ब्रिजेटनं पाण्याची बाटली पुढे केली.
एका पहाटे एक जण भिंतीवरून गेला, घाग म्हणाले,
कोण गेला त्याचं नाव पेपरात आलं, फोटोसकट.
पहाऱ्यावर रावते होता.
घरी बसवला त्याला. कागदावर लिहिलं, झोपला होता.

मग त्यांनी बोट ठेवलं, उघड्या डोळ्यांनी,
थेट पहिल्याच पानावर, त्याच ओळीवर.
याची एक कॉपी काढा.

मी काच पुसली. झाकण टेकवलं.
हिरवा उजेड इकडून तिकडे गेला
गस्त घातल्यासारखा.
कागद गरमच होता, त्यांनी खिशातलं पेन काढून
"झोपला" वर काट मारली.
वर काय लिहायचं ते सुचेना.
पेन तसंच धरून बसले.

हर्षाली म्हणाली, राहू दे काका, पुढच्या गुरुवारी.
टिपणीसांनी विचारलं, वडे कोणाकडे लागले?
कॉपीचा दीड रुपया घाग काउंटरवर ठेवून गेले,
मी नको नको म्हणत असताना.