दोन गटांत

मुंबई नाक्याजवळच्या हॉटेलात, तळघरातल्या एसी हॉलमध्ये
आम्ही अकरा वार्ताहर. सुरगाण्याचा देविदास चौधरी
गारठून, हात काखेत दाबून बसलेला.
पुण्याच्या बाई म्हणाल्या, निधी बाहेरून आलाय,
तुम्ही फक्त मोकळं बोला.

प्रत्येकाला एक पिशवी : हेल्मेट, रक्त थांबवायचा पट्टा, शिट्टी.
देविदासनं विचारलं, शिट्टी ऐकणार कोण?
बाई हसल्या नाहीत.
तिथून मला त्या आवडायला लागल्या.

जेवणानंतर नकाशा. धोका तिथं लाल टिकली,
आपली माणसं तिथं हिरवी.
मी मोसम नदी काढली, पूल काढला,
पुलाच्या तोंडाशी इलियासभाईची टपरी.
तिच्यावर लाल लावली. मग हिरवीही.
एकच लावा, बाई म्हणाल्या.
म्हटलं, बाई, नगरसेवक तिथंच बसतो,
दिवाळीची अर्ध्या पानाची जाहिरात तिथंच मिळते,
आणि त्याच्या पुतण्याचं नाव
मी तिथंच, बशीतला चहा फुंकता फुंकता,
बातमीतून गाळलं.

हे मोकळं बोलणं झालं का?

आमच्याकडे आवाजानं जाग येत नाही.
माग बंद पडले की येते.
त्या रात्री सव्वादोनला आली.
पुलावर गेलो तर चपलांचा खच,
कुणाचाच जोड पुरा नाही.
एक निळी, माझ्या तळहाताएवढी,
पट्टा अजून नीट लावलेला.

सकाळी डेस्कचा फोन : किती ओळी?
लिहिलं, 'दोन गटांत दगडफेक, तणावपूर्ण शांतता'.
चपला नाशिकला कापल्या गेल्या,
खाली सराफाची चौकट होती.
उरलेल्या चौदा ओळींचे पैसे मार्चमध्ये.

गटांची नावं लिहायची नाहीत, हा नियम चांगलाय.
मी त्याच्याशी भांडत नाही.
पण आई पेपर उलटा घडी घालते, विचारते,
आपण ह्यातल्या कुठल्या?
आणि माझं घर पुलापासून चाळीस पावलांवर,
'दोन' आणि 'गटांत' ह्यांच्या मधल्या
रिकाम्या जागेत.

देविदास शेवटी एवढंच बोलला :
टेकडीवर चढलं की रेंज येते.
मी चढेपर्यंत खालचं बदललेलं असतं.

ठक्कर बाजारहून साडेसातची एसटी.
राहुड घाटात शेजारच्या बाईच्या मुलानं
पिशवीत हात घालून शिट्टी काढली,
आणि गाल फुगवून अशी वाजवली
की ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला.
कंडक्टर ओरडला, कोण उतरतंय?
कुणीच नव्हतं.
मी पाया पडल्यासारखा वाकून हेल्मेट शोधत होतो,
ते सीटखाली घरंगळत पुढं गेलेलं.

पुलाशी उतरलो. टपरी बंद.
पलीकडे सगळे माग चालू.
खटखट, खटखट, खटखट.
आज पाठवण्यासारखं काही नाही.