खाच

साखर पेठेत आमचा कारखाना म्हणजे चार माग
आणि वर पत्रा.
भिंत जिथं पत्र्याला भेटते तिथली फट
आम्ही तीन वर्षं सिमेंटनं बुजवली,
तीन वर्षं ती उघडली.

दस्तगीरमामू शिडी चढले,
फटीत बोट घालून म्हणाले,
"माग चालू करा."
चारही धडधडले.
"भिंत निराळी हालती, पत्रा निराळा.
सिमेंटानं कुणाकुणाला धरायचं?"

मग छिन्नीनं विटेत खाच, पेरभर खोल.
जस्ती पट्टी गुडघ्यासारखी वाकवलेली,
वरची कड खाचेत, मालात गच्च,
खालची पत्र्यावर नुसती टेकलेली.
"इथं खिळा?"
"नाय मारायचा. सरकू दे तिला."

पावसाचा पत्ता नव्हता,
आणि तपासल्याशिवाय मामू पैसे घेईनात.
नळ येऊन तीन दिवस झालेले,
पिंपाच्या तळाशी दोन घागरी.
"भिंतीवर ओतायला पाणी?" अत्तम्मा म्हणाली,
बराच वेळ तेलुगूत काहीबाही म्हणत राहिली,
मग स्वतःच एक घागर
शिडीखाली आणून ठेवली.

मामूंनी वरून ओतली.
आत मी, भिंतीला तळहात लावून.
माग बंद केले होते, तरी
तळव्यात त्यांची धडधड उरलेली.
जुना डाग तेवढा, चहा सांडल्यागत.
कोरडा.

बाहेर पाणी पट्टीवरून घसरून
वळचणीपलीकडे परातीत पडलं,
अर्धीअधिक घागर, गंजाच्या वासाची.
अत्तम्मानं ती फडक्यातून गाळली.
"भांड्यांना होईल," म्हणाली,
आणि मामूंसाठी चहा टाकला
दुसऱ्या घागरीतला.