पिवळी पिशवी

सोसायटीच्या ग्रुपवर, कुणाच्या तरी केकच्या
दोन फोटोंमध्ये अडकलेला मेसेज:
बी पॉझिटिव्ह, प्लेटलेट्स, परळ, तातडीने.
मी गेलो.
ऑफिसला दांडी मारायला
एवढं सज्जन कारण पुन्हा मिळालं नसतं.

यंत्र रक्त घेतं,
त्यातलं पिवळं तेवढं ठेवून घेतं
आणि बाकीचं परत करतं.
परत आलेलं रक्त गार असतं,
हे कुणी आधी सांगत नाही.
दंडापासून खांद्यापर्यंत गार.
ओठांना मुंग्या आल्या तेव्हा सिस्टर लीमानं
कॅल्शियमची गोळी दिली, चघळायला.
पाटीवरच्या खडूची चव.
दीड तासानं पिशवी भरली:
वरणावरच्या निवळीचा रंग.
‘एवढंच?’ मी म्हटलं.
‘एवढंच,’ ती म्हणाली, आणि लेबल चिकटवलं.

खाली फुटपाथवर इंद्रभान सोनवणे,
यावलचे. मुलगा अकरा वर्षांचा, वरती.
त्यांनी सहा केळी पेपरात गुंडाळून
माझ्या मोकळ्या हातात कोंबली.
नको म्हणण्याइतकी ताकद तेव्हा नव्हती.
भोईवाड्यापर्यंत चालत दोन खाल्ली,
आणि सिग्नलला उभा असताना
मला चक्क शीळ घालावीशी वाटली.
वैजयंती म्हणाली, ‘काय हो, बोनस झाला?’

चौथ्या दिवशी फोन.
‘पोरगं गेलं, साहेब.
तुम्हाला कळवावं म्हटलं.’
ते रडत नव्हते. मागे एसटी स्टँडचा भोंगा,
गाडी कुठल्या फलाटाला लागली ते.

मी फोन ठेवला आणि आत शोधू लागलो,
तो त्या दिवशीचा आनंद,
निदान परत तरी करावा म्हणून.
होता. जसाच्या तसा होता.
पाहुणा विसरून गेलेली छत्री
दाराआड उभी असते तसा:
वापरायची लाज, टाकायचीही.

फ्रिजवरची शेवटची दोन केळी काळी पडली होती.
वैजयंतीनं शिकरण केलं.
आम्ही काही न बोलता वाटी पुसून खाल्लं.
गोड होतं.
फार गोड होतं,
साखर घालायची विसरली होती तरी.

पुढच्या महिन्यात पुन्हा गेलो.
सिस्टर लीमानं ओळखलं नाही.
यंत्र तेच. कॅलेंडरचं पान मात्र उलटलेलं.
या खेपेला
घरून शाल नेली होती.